घरचा खाऊ आणि श्रमाची मर्यादा

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत एक नवा उद्योग सुरू झालेला दिसतो. दुकानातील पाकिटांतल्या ज्या वस्तू मुलांना विशेष प्रिय, त्याच वस्तू घरी, अधिक निरोगी रीतीने करावयाच्या, असा तो उद्योग होय. बटाट्याच्या तळलेल्या वेफर्सच्या जागी भाजलेले वेफर्स, मैद्याच्या बिस्किटांच्या जागी नाचणीची व बाजरीची बिस्किटे, मसाला लावलेल्या कुरकुरीत कांड्यांच्या जागी ज्वारीच्या पिठाची कडबोळी, असे नाना प्रयोग घरोघर चालतात. आणि दोन गृहिणी भेटल्या म्हणजे त्या प्रयोगांच्या यशापयशाची चर्चा होते. हा स्वयंपाकघरातला विषय आहे, त्यावर एखाद्या मासिकाने पाने खर्च करण्याचे कारण नाही, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या मुलाच्या हातावर आपण काय ठेवतो, ते कोणाच्या श्रमाने तयार होते, आणि त्या श्रमाची वाटणी न्यायाची असते की नाही, हे प्रश्न नीतीचे आहेत. ते चुलीपाशी उत्पन्न होतात म्हणून लहान ठरत नाहीत.

घरचा खाऊ विकतच्या खाऊपेक्षा चांगला, हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्यातील ‘चांगला’ या शब्दाचा अर्थ काय, हे विचारण्याचे आपणांस सुचत नाही. तो चांगला कशाने? त्यातील जिन्नसांनी, तो करणाऱ्या हातांनी, की आणखी कशाने? या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा एखाद्या भूमीवर उभे राहून केलेला बरा. म्हणून आम्ही नगर जिल्हा घेतो, ज्याचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर असे झाले आहे. या जिल्ह्यात वादाच्या दोन्ही बाजू शेजारीशेजारी नांदतात. एकीकडे प्रवरानगर आहे, जेथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. त्यामागून जिल्ह्यात कारखान्यांची रांगच लागली आणि ऊस हे येथील बागायती वैभवाचे चिन्ह होऊन बसले. दुसरीकडे जामखेड, कर्जत, पारनेर, पाथर्डी या पावसाची वाट पाहणाऱ्या तालुक्यांत ज्वारी आणि बाजरी हीच माणसांची खरी अन्नदात्री राहिली. गोड खाऊचा कच्चा माल आणि साध्या भाकरीचे धान्य, दोन्ही एकाच जिल्ह्याच्या मातीत पिकतात.

प्रथम जिन्नसांचे पाहू. घरच्या खाऊच्या बाजूने येथे पुष्कळच बोलण्यासारखे आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ज्वारीचे जे वाण तयार केले, त्यांत काही केवळ खाण्याच्या प्रकारांकडे पाहून निवडलेले आहेत. ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ हे हुरड्यासाठी, ‘फुले रोहिणी’ पापडासाठी, आणि ‘फुले पंचमी’ लाह्यांसाठी. या शेवटच्या नावाने नागपंचमीची आठवण न होणारे मराठी घर विरळाच. बाजरीच्या ‘धनशक्ती’ या वाणात लोहाचे प्रमाण अधिक असून तो इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने तयार होऊन २०१२ साली महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या हाती आला. म्हणजे ज्यास निरोगी खाऊ करावयाचा आहे त्याला परदेशी ओट्सचा शोध घेण्याची गरज नाही. उत्तम सामग्री त्याच्या तालुक्याच्या बाजारात पडलेली आहे. ज्वारी गरम पाण्यातून काढून, निथळून, रात्रभर फडक्यात झाकून ठेवावी, सकाळी तापल्या लोखंडी कढईत मूठमूठ टाकावी आणि फडक्याच्या बोळ्याने हलवीत राहावे, म्हणजे पांढऱ्याशुभ्र लाह्या तडतडून वर येतात. दोन चमचे तेलाची मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी, थोडे डाळे, थोडे शेंगदाणे, चवीपुरते मीठ घातले की जो चिवडा होतो, त्यापुढे पाकिटातील कोणताही कुरकुरीत पदार्थ मान वर करू शकणार नाही, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

तथापि जिन्नसांच्या आधारावर संपूर्ण दावा उभा करता येत नाही, हेही त्याच प्रामाणिकपणाने सांगितले पाहिजे. चकली घरी तळली म्हणून तिच्यातले तेल कमी होत नाही. साखरेऐवजी गूळ घातला की पदार्थ औषधी झाला, अशी जी समजूत सर्वत्र आढळते ती आपल्या मनाची समजूत आहे. गुळात थोडेफार क्षार असतात खरे, परंतु त्याचा बहुतेक भाग साखरच असतो, आणि प्रवरेकाठचा ऊस गुऱ्हाळात गेला काय किंवा कारखान्यात गेला काय, शरीराला त्याचा हिशेब जवळजवळ तोच द्यावा लागतो. मिठाचेही तसेच. प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही मर्यादा लोणचे, पापड आणि शेवेची वाटी मिळून घरच्या घरीही सहज ओलांडता येते. ‘घरचे’ हा शब्द पवित्र आहे, पण तो तेलमिठाचे गुणधर्म बदलीत नाही.

मग घरच्या खाऊचा विशेष कशात? आमच्या मते तो एका अशा गोष्टीत आहे की जिला आपण आजवर दोष मानीत आलो. ती गोष्ट म्हणजे त्याला पडणारे श्रम.

आपल्या आजीपणजींच्या काळी खाऊ नव्हता असे नाही. चकली, कडबोळी, अनारसे, शंकरपाळे, चिरोटे यांत तूप, तेल, साखर यांची मुळीच काटकसर नसे. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांनी ‘गृहिणीमित्र’ या ग्रंथात हजार पाकक्रिया एकत्र केल्या. तो ग्रंथ चाळणाऱ्यास आपले पूर्वज जिभेचे वैरी होते असे कधीही वाटणार नाही. परंतु अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागत, भाजणी भाजून दळून आणावी लागे, आणि चकलीचा सोऱ्या दाबून हात दुखू लागत. म्हणून दिवाळी वर्षातून एकदा येई. कोणत्याही वैद्याने घालून दिलेली नव्हे, तर पदार्थाच्या अंगातच असलेली ही मर्यादा होती. बाजरीचे पीठ दळल्यावर काही दिवसांतच कडू होते. त्यामुळे लागेल तेवढेच दळावे, करावे आणि खावे लागते. धान्यच माणसाला प्रमाण शिकवीत असे.

पाकिटाने नेमकी हीच मर्यादा काढून टाकली. पाच रुपये पुढे केले की जे मिळते त्यामागे भिजविणे नाही, दळणे नाही, वाट पाहणे नाही. ते सहा महिने टिकते, म्हणून ते नेहमी हाताशी असते. आणि नेहमी हाताशी असल्यामुळे वर्षाची दिवाळी रोजची होते. या सोयीचा परिणाम खाण्याच्या प्रमाणावर कसा होतो, याचा एक चांगला प्रयोग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत झाला आणि २०१९ साली प्रसिद्ध झाला. वीस प्रौढ माणसांना चार आठवडे संस्थेतच ठेवून दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे शिजविलेले अन्न देण्यात आले. समोर मांडलेल्या ताटांतील साखर, मीठ, स्निग्धांश आणि चोथा यांचे प्रमाण दोन्ही वेळी सारखे ठेवले होते, आणि हवे तितके खाण्याची मोकळीक होती. कारखान्याच्या अन्नावर असताना तीच माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खाऊ लागली. ती अधिक भराभर खात होती, असेही आढळले. हा प्रयोग लहान आहे, आणि त्यातील माणसांना स्वतः रांधावे लागत नव्हते, हे आम्ही विसरत नाही. पण दोष केवळ साखरमिठाच्या वजनात नसतो, अन्न किती सहजतेने आत जाते यातही असतो, एवढे त्यावरून निश्चित दिसते. खाणे सोपे झाले की अधिक खाल्ले जाते, आणि पाकिटाने तर मिळविणे व खाणे ही दोन्ही सोपी केली.

येथवर आमच्याशी सहमत होणाऱ्या वाचकास येथेच एक संकट उभे राहते, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. श्रम ही मर्यादा, हे ठीक. पण श्रम कोणाचे? आपल्या देशात २०१९ साली सरकारने लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवितात, आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळून आले. शिवाय अशा पुरुषांची संख्याच मुळी थोडी, शंभरांत सुमारे २६. या हिशेबात आता निरोगी खाऊची भर घाला. पूर्वी चकली वर्षातून एकदा होती. आता नाचणीची बिस्किटे दर रविवारी, लाह्यांचा चिवडा दर बुधवारी, आणि शाळेच्या डब्यात रोज काहीतरी नवे. मुलाचे आरोग्य सांभाळण्याचे पुण्य सर्व कुटुंबाचे, आणि कष्ट एकटीचे. तिने थकून एखाद्या दिवशी पाकीट आणलेच तर ते ज्यांनी आयुष्यात कधी कणीक मळली नाही त्यांच्या तोंडून तिला बोल. पूर्वी सोवळ्याओवळ्याच्या नावाने जो जाच होत असे, तोच आता आरोग्याच्या नावाने होऊ लागला तर आपण काय कमाविले?

आणि ज्या घरी रविवार नाही, त्यांचे काय? पाथर्डीसारख्या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीची कुटुंबे कारखान्यांकडे जातात. पहाटेपासून फडात कोयता चालविणाऱ्या आईच्या लेकराच्या हातात बिस्किटाचा पुडा असतो. तो तिच्या आळसाचा पुरावा नाही. तिला मिळणाऱ्या एकुलत्या एका विसाव्याची ती किंमत आहे. जी साखर तिच्या कोयत्याने सुरू होते तीच फिरून पुड्यातून तिच्या मुलाकडे येते, हे खरे. पण तिला भाजणीचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणासही नाही. घरच्या खाऊची जी नीती या बाईला दोषी ठरविते, ती नीती नसून सुखवस्तू माणसांचा दिमाख होय.

म्हणून पाकीट हेच पाप, असे आम्ही म्हणत नाही. मुंबईत गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, आणि त्यांतून ‘लिज्जत’ हा प्रचंड गृहउद्योग उभा राहिला. तो पापडही पाकिटातच येतो. केंद्रावरून पीठ घरी न्यावे, लाटून परत आणावे, आणि त्या श्रमाचे मोल पदरात घ्यावे, अशी त्याची रीत. तेथे घरातले काम पहिल्याने मोजले गेले. बाजारातील प्रत्येक वस्तू श्रम लपविते असे नाही, आणि घरातील प्रत्येक वस्तू श्रमाचा मान राखते असेही नाही. पुष्कळ घरांत तर श्रम बाजारापेक्षाही अधिक लपलेले असतात, कारण बाजारात निदान किंमत छापलेली असते.

हे ध्यानात घेतले म्हणजे आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर अधिक स्पष्ट होते. श्रम ही मर्यादा आहे, पण ती मर्यादा जो श्रम करतो त्यालाच जाणवते. ज्याने कढईपाशी उभे राहून लाह्या फोडल्या त्याला मूठभर लाह्यांची किंमत कळते. ज्याच्यापुढे त्या वाटीत भरून आल्या त्याला ती कळण्याचा काही मार्ग नाही. आई रोज निरनिराळा खाऊ करून पुढे ठेवते, मुलगा मागतो तेव्हा मागतो तितका देते. अशा घरात त्या मुलाच्या दृष्टीने पाकीट आणि आई यांत फरक तो काय राहिला? दोन्ही ठिकाणी मागितले की मिळते, दोन्ही ठिकाणी मागे काय घडले ते दिसत नाही. आई हाच एक लहानसा कारखाना झाला, इतकेच. जिन्नस सुधारले, पण सवय होती तीच राहिली. आणि उद्या तो मुलगा वसतिगृहात गेला की तीच सवय त्याला पुन्हा दुकानाच्या दारात उभी करील. उलट ज्या घरात बाप भाजणी भाजतो, मुलगी डाळे निवडते, धाकटा शेंगदाण्याची साले पाखडतो आणि सांडलेली फोलपटेही तोच झाडतो, त्या घरात खाऊ आपोआप प्रमाणात होतो. कारण सर्वांनाच पुन्हा लगेच तो खटाटोप नको असतो! खाऊ आठवड्यातून एकदा होतो, आणि एकदा होतो म्हणूनच तो खाऊ राहतो.

यातून असे दिसते की न्याय आणि आरोग्य या येथे दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. श्रमाची वाटणी करणे हा गृहिणीवर केलेला उपकार नव्हे. निरोगी खाऊच्या कृतीतला तो पहिला जिन्नस आहे. तो वगळला तर नाचणी, बाजरी आणि गूळ यांनी काम भागत नाही. ज्याने खावयाचे त्याने करण्यात काही हात लावावा, आणि जितके सर्वांच्या हातून आनंदाने होईल तितकेच करावे, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ प्रश्न सुटतील. उरलेल्या दिवशी फुटाणे आहेत, शेंगा आहेत, पेरू आहे, थंडीत शेतावरचा हुरडा आहे. प्रत्येक पाकिटाला घरगुती प्रतिस्पर्धी निर्माण करण्याची जबाबदारी कोणावरही नाही.

या नक्कल करण्याच्या हौसेसंबंधीही दोन शब्द सांगण्याजोगे आहेत. भाजलेल्या कडबोळ्यांना दुकानातील वस्तूचे नाव देऊन ‘अगदी तशीच लागतात ना?’ असे मुलाला विचारले की परीक्षक म्हणून आपण कारखान्यालाच नेमतो. त्या कसोटीवर घरची वस्तू नेहमी थोडी कमीच पडणार, कारण कारखान्याजवळ अशा चवी आहेत की ज्या चुलीवर होत नाहीत. मुलाला तेवढे कळते, आणि आपली समजूत घातली जात आहे हेही कळते. ज्वारीची लाही ही कोणाची उणी नक्कल नाही. तिची चव तिची स्वतःची आहे. तिला तिच्या नावाने हाक मारावी. मुले सत्य पचवू शकतात, आणि चव ही सहवासाने लागते.

शेवटी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. आपल्या मुलाला चांगले मिळावे ही इच्छा चांगली खरी, परंतु ती उंबरठ्याच्या आतच फिरत राहिली तर तिचा स्वार्थ होतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. घरातील लेकरे वारंवार आजारी पडतात, आणि संकरित बियाण्याच्या, खतांवर पोसलेल्या अन्नाशी त्याचा संबंध आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांच्या निदानाविषयी शास्त्रज्ञ वेगळे मत देऊ शकतील. आम्हांस येथे त्यांच्या कृतीचे महत्त्व वाटते. शाळेत न गेलेल्या या बाईंनी आपल्या परसापुरते पाहून दार लावून घेतले नाही. त्यांनी गावठी वाल, भात, वरई, भाज्या यांची बियाणी जमविली, जपली आणि इतरांना पेरण्यासाठी दिली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. लेकराच्या ताटाची काळजी गावाच्या शेतापर्यंत कशी पोहोचते, हे त्यांच्या उदाहरणावरून शिकावे.

सुशिक्षित कुटुंबांना बियाण्याची पेढी काढता येणार नाही. पण करण्यासारखे पुष्कळ आहे. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिस्निग्ध, अतिखारट आणि अतिगोड पदार्थ विकू नयेत, असा नियम देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली केला आहे. आपल्या मुलाच्या डब्यात लाह्या देऊन समाधान मानणाऱ्या पालकाने एकदा शाळेच्या फाटकाशी उभे राहून तो नियम पाळला जातो की नाही हे पाहावे. कारण ज्या मुलांना डबाच मिळत नाही त्यांचा खाऊ त्या फाटकाशीच ठरतो. जवळपासच्या बचत गटातील बायांनी केलेला खाऊ घेताना त्यांनी मागितलेल्या भावात घासाघीस करू नये. आपल्या घरात जे श्रम आपण फुकट मानीत आलो त्यांची किंमत निदान तेथे तरी ओळखावी. आणि बुधवारच्या चिवड्याचे शेंगदाणे सोलण्यास घरातील कर्त्या पुरुषाने स्वतः बसावे. त्याचा चिवडा प्रथम कदाचित करपेल. पण आज खाऊ का नाही, असे त्या घरात मूल पुन्हा विचारील तेव्हा त्याला उत्तर कोणी द्यावे, हा प्रश्न तरी उरणार नाही.